एका शाहिराचे दोन श्रोते

घोडबंदर गावात राहणाऱ्या माणसाला लग्नसराईत रात्रीची झोप मिळत नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधून हमरस्ता. आवाजाला जायला वाव नाही, तो घरातच शिरतो. हळदीच्या रात्री आगरी-कोळी घरांच्या अंगणात बेंजो पार्टी बसते आणि एकदा सुरुवात झाली की डोलकर, नाखवा, पारू यांची रांग लागते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हाच बेंजो, पुष्कळदा हीच माणसं, रस्त्यापलीकडच्या वस्तीत भीमजयंतीची गाणी वाजवतात. चालही कधी कधी तीच असते. मी इतकी वर्षं ऐकत आलो, पण या दोन रात्रींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. लोकसंगीतावर अधूनमधून लिहिणाऱ्या माणसाने हे कबूल करणं बरं नव्हे. तरी लेखाची सुरुवात तिथूनच करायला हवी.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका छोट्या मंडळाने लोकगीतांची संध्याकाळ ठरवली. जागा किल्ल्याच्या पायथ्याशी, म्हणजे 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेल्या त्या कोटाच्या खाली. गाण्यांची यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी एक तक्ता आखला आणि त्यात ‘पारंपरिक’ असा रकाना ठेवला. ज्यापुढे ती खूण नाही ते गाणं बाद. काशीमिऱ्याच्या बाजूने आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने दोन गाणी दिली होती. एक आजीची जात्यावरची ओवी, दुसरं वामनदादा कर्डकांचं. दुसऱ्यावर मी काट मारली. त्याला म्हणालो, “हे छान आहे रे, पण हे चौदा एप्रिलला म्हण. आज पारंपरिकच घ्यायचं ठरलंय.” मुलगा यादी बघत राहिला. मग म्हणाला, “काका, ते डोलकर तरी पारंपरिक कुठंय? शांताबाईंनी लिहिलंय ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोलकर यादीत पहिलं होतं. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे आवाज. शांताबाईंचा जन्म 1922 साली इंदापूरचा. तिथून समुद्र कुठे आणि डोल कुठे! वामनदादाही 1922 सालचेच, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. दोघांनीही माणसांच्या ओठी बसणारी गाणी लिहिली. एकाचं गाणं माझ्या यादीत परंपरा झालं, दुसऱ्याचं प्रचार. त्या संध्याकाळी मुलाने ओवी म्हटली आणि तो कार्यक्रम संपायच्या आत निघून गेला.

या प्रश्नाने मी विठ्ठल उमपांकडे वळलो. पारंपरिक आणि स्वतःचं, दोन्ही एकाच गळ्यातून आयुष्यभर गाणारा, आणि त्यामुळेच आपल्या समीक्षेने दोन तुकड्यांत वाटून घेतलेला यांच्याइतका मोठा कलावंत मला दुसरा दिसला नाही.

विठ्ठल उमप यांचा जन्म 15 जुलै 1931चा, मुंबईतल्या नायगावचा. गिरणगावाच्या कुशीतली ही वस्ती. कोकण, घाट, देश, वऱ्हाड अशा सगळ्या मुलखांतली माणसं कामासाठी इथे आली आणि येताना आपापली गाणी घेऊन आली. भजन, भारूड, कोळीगीत, पोवाडा, गोंधळ, कव्वाली हे सगळं एखाद्या मुलाला चालत जाण्याच्या अंतरावर ऐकू यावं अशी ती जागा. खेड्यातला गोंधळी एका परंपरेत जन्म घेतो आणि तिचाच राहतो. गिरणगावातल्या मुलापुढे मात्र अनेक परंपरा मांडून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतली एकही जन्माने त्याची नव्हती. जी गळ्याला लागेल ती त्याची. उमपांच्या गाण्यातली ऐसपैस तयारी या भूगोलातून आलेली आहे, असं मला वाटतं. त्यांना ‘मातीतला कलावंत’ म्हणण्याची पद्धत आहे. कुठल्या मातीतला, हे विचारलं की उत्तर चाळीच्या व्हरांड्याकडे जातं.

त्यांचं ‘फू बाई फू’ महाराष्ट्रभर गाजलं. ‘जांभूळ आख्याना’ने त्यांना नाटकवाल्यांच्या आणि अभ्यासकांच्या जगात मान मिळवून दिला. आणि त्याच वेळी ते बाबासाहेबांची गाणी लिहीत होते, गात होते, वस्त्यावस्त्यांत फिरत होते. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच, त्यांचा अंत झाला. तारीख संविधान स्वीकृतीची; जागा 14 ऑक्टोबर 1956च्या धर्मांतराची. कादंबरीकाराने असा शेवट लिहिला असता तर आपण त्याला ओढूनताणून जुळवल्याचा दोष दिला असता.

त्यांच्या परिचयात एक ओळ नेहमी असते: 1983 साली आयर्लंडमधल्या कॉर्क इथे आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सवात त्यांनी भारतातर्फे गाऊन पहिलं पारितोषिक मिळवलं. सूत्रसंचालक ही ओळ वाचतात, टाळ्या होतात, पुढचं गाणं सुरू होतं. परदेशी बक्षीस एवढाच तिचा अर्थ आपण घेतला. मला मात्र त्या ओळीतलं गावाचं नाव सोडवेना. नायगावचा हा माणूस ज्या गावात जाऊन गायला, त्या गावातली गाणारी माणसं कोण होती? तिथे पारंपरिक म्हणजे काय समजत असत?

शोधताना भेटली मार्गारेट बॅरी. जन्म 1917, कॉर्क शहरातला. ती ‘ट्रॅव्हलर’ समाजाची. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांतून फिरणारा, भांडी सांधणारा, घोड्यांचा व्यापार करणारा हा समाज; आपल्याकडच्या घिसाडी, कल्हईवाल्यांची आठवण व्हावी असा. वेगळा वांशिक समूह म्हणून आयरिश सरकारने त्यांना मान्यता दिली ती 2017 साली, यावरून त्यांच्या वाट्याला काय आलं असेल ते कळतं. जॉनी डोरनसारखे थोर पाइपवादक याच समाजातले. जत्रेत त्यांच्या वादनावर नाचायचं आणि जत्रा उठली की त्यांना गावाबाहेर काढायचं, ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मार्गारेट बॅरी लहान वयात घर सोडून बेंजो घेऊन रस्त्यावर, बाजारात, सामन्यांच्या गर्दीत गात फिरली. 1950च्या सुमारास अमेरिकी संग्राहक अॅलन लोमॅक्स टेपरेकॉर्डर घेऊन आयर्लंडमध्ये अस्सल, जुनी, तोंडी चालत आलेली गाणी शोधत होता. त्याने तिचा आवाज टिपला. तिचं सर्वांत गाजलेलं गाणं ‘शी मूव्ह्‌ड थ्रू द फेअर’. हे गाणं तिला कुणाकडून मिळालं? आजीकडून, पणजीकडून? तिने सरळ सांगितलं: जॉन मॅकॉर्मॅकच्या ग्रामोफोन तबकडीवरून. मॅकॉर्मॅक हा सभागृहात गाणारा, शास्त्रोक्त तालमीचा गायक. आणि ते गाणं आज ज्या रूपात आपण ऐकतो ते कवी पॅड्रिक कोलमने जुन्या चालीला शब्द देऊन घडवलेलं, हर्बर्ट ह्यूजच्या संग्रहात 1909 साली छापलेलं. म्हणजे खेड्यातून कवीकडे, कवीकडून छापखान्यात, तिथून तबकडीवर, तबकडीवरून रस्त्यावरच्या गाणारणीकडे आणि तिच्या गळ्यातून पुन्हा परंपरेत. तिच्या नंतरच्या गायकांनी ते तिच्याकडून घेतलं.

आयरिश माणसांना याची लाज वाटत नाही. पीट सेंट जॉनने 1979 साली लिहिलेलं ‘द फील्ड्स ऑफ अॅथेनराय’ आज क्रीडांगणांवर हजारो लोक एका आवाजात गातात. त्यांतल्या कितीजणांना ते दुष्काळाच्या काळचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं वाटतं. वाद्यांचंही तसंच. आयरिश मैफलीत बूझूकी ग्रीसहून आलं ते 1960च्या दशकात; बेंजो अमेरिकेहून आला. आणि आपल्या हळदीतला बेंजो तर बेंजोही नव्हे. बुलबुलतरंगाला वीज जोडली की तो ‘बेंजो’ होतो आणि बुलबुलतरंगाची वंशावळ जपानी ताइशोगोतोपर्यंत जाते. घोडबंदरच्या अंगणात जपानी वाद्यावर इंदापूरच्या कवयित्रीचं गाणं वाजतं आणि आमच्यासारखे लोक शेजारी बसून म्हणतात, वा, काय अस्सल!

आयर्लंडचा दाखला मी त्यांची थोरवी सांगायला घेतलेला नाही. तिथेही लोकगायकाचं पोट गाण्यावर भरत नसे. कॉनेमाराचा जो हीनी, जुन्या ढंगाच्या गाण्यातला सर्वांत मोठा गायक, न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचा दारवान म्हणून उभा राहत असे. पण तिथे एक गोष्ट घडली: जुनं गाणं आणि नवं गाणं एकाच माणसाने एकाच बैठकीत गावं, याला कुणाची हरकत राहिली नाही. क्रिस्टी मूर जुनी गाथा गातो आणि लगेच कालच्या अन्यायावरचं गाणं गातो. श्रोता तोच असतो. आपल्याकडे श्रोता बदलतो. उमपांच्या बाबतीत हेच झालं. नाट्यगृहात, महोत्सवात, विद्यापीठाच्या चर्चासत्रात ते ‘लोककलावंत’. वस्तीत, जयंतीला, दीक्षाभूमीवर ‘भीमशाहीर’. पहिल्या ठिकाणी त्यांच्या कलेबद्दल बोललं गेलं, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या निष्ठेबद्दल. जांभूळ आख्यानावर लेख आले, भीमगीतांवर श्रद्धांजल्या.

ही वाटणी किती खोटी आहे हे पाहायचं तर जांभूळ आख्यानच बारकाईने ऐकायला हवं. माझं सगळं म्हणणं इथे येऊन ठेपतं.

हे गोंधळातलं आख्यान. इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला संशोधनाच्या कामातून, अशोकजी परांजपे यांच्या पुढाकाराने ते नागर रंगमंचावर आलं आणि उमपांनी त्याचे शेकड्यांनी प्रयोग केले. सोबत संबळ, तुणतुणं, झांजा. कथा अशी: द्रौपदीच्या मनात कर्ण भरतो. पाच पती असलेल्या राणीला सहावा हवासा वाटतो. कृष्णाला ते कळतं. तो सगळ्यांना वनात नेतो. तिथे तोडलेल्या जांभळाच्या निमित्ताने प्रत्येकाला मनातलं खरं सांगावं लागतं, आणि द्रौपदीने कबुली दिल्याशिवाय फळ परत देठाला लागत नाही. व्यासांच्या महाभारतात हे नाही. लोकांनी ते आपल्या महाभारतात घातलं आणि गोंधळ्यांनी सांभाळलं.

सत्तरीच्या आसपासचे उमप साडी न नेसता द्रौपदी होत. आवाज बायकी काढत नसत. ज्यांनी प्रयोग पाहिला त्यांच्या बोलण्यात हमखास येतो तो मनाचा पाय घसरण्याचा क्षण. हसू आणि भीती एकदम येते. समीक्षकांनी या अभिनयाचं, संबळाच्या लयीवर झुलणाऱ्या कथनाचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण कर्णाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

महाभारताच्या प्रचलित पाठांत स्वयंवराच्या सभेत कर्ण धनुष्य उचलतो तेव्हा द्रौपदी त्याला अडवते. कारण पराक्रमाचं नसतं. सूतपुत्राला वरणार नाही, हे तिचं कारण. जन्म विचारून ज्याला सभेतून परत पाठवलं त्याच माणसाकडे, त्याच बाईचं मन वर्षांनंतर ओढलं जातं, आणि तिला ते सगळ्यांसमोर, धर्मराजासमोरही, बोलून दाखवावं लागतं. तोपर्यंत निसर्गाची घडी बसत नाही. जांभूळ आख्यान हे बाईच्या चंचलपणाचं गमतीदार आख्यान म्हणूनही गाता येतं. तसं ते गायलं गेलंही असेल. पण नायगावात वाढलेला, बाबासाहेबांना मानणारा शाहीर जेव्हा ते गातो, तेव्हा जन्मावरून नाकारलेल्या माणसाची किंमत नाकारणाऱ्याच्याच तोंडून वदवून घेणारी ती कथा होते. मग वस्तीतल्या मांडवात तो जे भीमगीत गातो त्यात वेगळं काय आहे? विषय एकच. एका ठिकाणी द्रौपदीच्या मुखाने, दुसऱ्या ठिकाणी स्वतःच्या.

यावर आंबेडकरी विचारांच्या माझ्या एका मित्राने हरकत घेतली, आणि ती टाळण्यासारखी नाही. तो म्हणाला, “गोंधळ देवीचा आहे. आम्ही देव सोडले. पोतराज, वाघ्या-मुरळी, गावकीचा डफ या सगळ्यांत कला होती हे आम्हाला ठाऊक आहे, पण ती आमच्या पायातली बेडी होती. तुम्ही तिला परंपरा म्हणून मिरवता तेव्हा आमच्या अंगावर काटा येतो.” त्याचं खरं आहे. ‘पारंपरिक’ हा शब्द ज्याला हौस म्हणून मिळाला त्याला तो गोड लागतो. ज्याच्यावर सक्ती म्हणून लादला त्याला नाही. कित्येक घरांनी धर्मांतरानंतर वाद्यं खाली ठेवली, ती सन्मानासाठी.

पण त्याच चळवळीत दुसराही रस्ता होता. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा गण-गौळणीचा सांगाडा घेतला आणि आतला मजकूर बदलला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे आंबेडकरी जलसे याच वाटेने गेले. ज्या रूपाने हिणवलं त्याच रूपातून बोलायचं. उमप या वाटेचे वारसदार आहेत. मात्र त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, असं मी म्हणेन. मजकूर न बदलता, नुसत्या गाण्याच्या भारातून जुन्या आख्यानाचा रोख बदलला. माझा मित्र याला राजी नाही. तो म्हणतो, देवीचं नाव घेतलं ते घेतलंच. आमचा वाद चालू आहे.

इथे एक लहानशी, पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मौखिक परंपरेत कवीचं नाव राहावं म्हणून शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालण्याची सोय आहे. अभंगात ती आहे, लावणी-पोवाड्यांत आहे, वामनदादांच्या गाण्यांतही शेवटी ‘वामन’ येतो. कॉपीराइटचा 1957 सालचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा लोकांचा कायदा. पण हल्ली गाण्याला तीनचार मिनिटं मिळतात. बेंजो पार्टी दोन कडवी वाजवते, तिसरं सोडते. डीजेवर तर मुखडाच फिरत राहतो. शेवटचं कडवं गेलं की नाव गेलं. नाव गेलं की काही वर्षांत गाणं ‘पारंपरिक’ होतं. मग कॅसेटवर, आता यूट्यूबवर, तोच शब्द छापतात आणि मानधन कुणालाच द्यावं लागत नाही. शांताबाईंचं नाव तबकडीने आणि पुस्तकांनी राखलं. फक्त मांडवात गायल्या गेलेल्या शाहिरांचं नाव त्या शेवटच्या कडव्यावरच टांगलेलं असतं. माझ्या तक्त्यातला तो रकाना या कामात आपला हातभार लावत होता.

आगरी लग्नांतल्या ढवळारणींबद्दलही हेच म्हणता येईल. ढवळे गाणारी ती बाई नुसतं पाठ केलेलं म्हणत नाही. समोरच्या वराचं, त्याच्या मामाचं, आलेल्या पाहुण्यांचं नाव ती तिथल्या तिथे गाण्यात विणते. त्या रात्रीचा अर्धा ढवळा तिने त्या रात्री रचलेला असतो. आमच्या यादीत तिच्या नावापुढेही मी ‘पारंपरिक’ अशी खूण केली होती, आणि गीतकाराच्या जागी एक आडवी रेघ.

नंदेश उमप आज वडिलांचा वारसा चालवतात, त्यांनाही दोन्ही प्रकारचे श्रोते आहेत. हे दोन श्रोते एका मांडवात बसले तर काय होईल, हे पाहण्याची मला उत्सुकता आहे.

यंदा मंडळाने पुन्हा कार्यक्रम धरला आहे आणि यादी पुन्हा माझ्याकडे आहे. ‘पारंपरिक’ हा रकाना काढून त्या जागी ‘गाणं कुणाकडून आलं’ असा रकाना घातला. एकदोघांनी विचारलं, हे काय नवीन? तरी भरून दिलं. कुणी सासूचं नाव लिहिलं, कुणी कॅसेटचं, एका बेंजोवाल्याने प्रामाणिकपणे ‘मोबाइल’ असं लिहिलं. मार्गारेट बॅरीला तो आवडला असता.

त्या मुलाला मी फोन केला. तो आता कळव्याला एका खासगी बँकेत लागला आहे. आधी नाही म्हणाला. मग आठवड्याने त्याचा निरोप आला. पहिल्या गाण्यापुढे त्याने ‘आजी’ लिहिलं होतं, दुसऱ्यापुढे ‘वामनदादा’. खाली एक अट: शेवटचं कडवं कापायचं नाही. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून त्याचं गाणं मी डोलकरच्या आधी घेतलं आहे.